जास्तीचा वार आणि बुधवारचं विमान

आमच्या गावात सध्या असं बोललं जातंय की सुवर्णाकाकीनं वार मोडला. मंगळवारी भर दुपारी ती शिवारात उतरली, विमानासाठी भेंडी तोडली आणि पळताना तिची एक चप्पल तिथंच राहिली.

चप्पल सापडली हे खरं आहे. बाकीचं सगळं रुक्माबाईच्या पिठाच्या गिरणीत तयार झालेलं आहे. रुक्माबाई दळता दळता बोलते, त्यामुळं तिला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागतं. एकदा चक्कीच्या आवाजात आणि एकदा चक्की थांबल्यावर. दुसऱ्या वेळेला ते थोडं वाढलेलं असतं. "चप्पल घावली म्हणं." चक्की थांबते. "चप्पल घावली, आणि पाठीवर पोतं बी हुतं म्हणं." मी गिरणीच्या दारात उभं राहून ऐकलं तेव्हा गोष्ट पोत्यापर्यंत आली होती. परवा बेळगावच्या बसमध्ये तीच गोष्ट माझ्या पुढच्या सीटवर भेटली, तर पोत्याशेजारी टेम्पो उभा होता आणि काकी ड्रायव्हरला "मार लवकर" म्हणत होती.

त्या मंगळवारी काकीनं एकही भेंडी तोडली नाही आणि शिवारात पाऊल टाकलं नाही. मी तिच्यासोबत होते. आणखी एक साक्षीदार आहे, पण त्याला गिरणीत कुणी विचारायला जात नाही, कारण तो मारुतीआप्पा आहे आणि मारुतीआप्पांना विचारायचं म्हणजे आधी त्यांचं खाकरणं संपायची वाट बघायची.

आमचं गाव येळ्ळूरच्या पुढं. यात्रेच्या आधी गाव पाच मंगळवार पाळतं. त्या दिवशी शिवारात कुणी जायचं नाही. नांगर नाही, विळा नाही, जनावरांची वैरणसुद्धा सोमवारीच आणून टाकायची. एकानं वार मोडला तर अख्ख्या गावाला पहिल्यापासून वार धरावे लागतात. मग यात्रा पुढं जाते आणि सांगितलेले पाहुणे, ठरवलेला बँड, सुट्टी काढलेले जावई सगळेच बोंबलतात. म्हणून वार मोडणाऱ्याचं नाव गाव विसरत नाही. मारुतीआप्पांच्या एका चुलत्यानं सुटलेल्या बैलामागं बांध ओलांडला होता म्हणे. चुलता गेला, बैल गेला, गोष्ट अजून हिंडते आहे.

सुवर्णाकाकी माझ्या धाकट्या चुलत्याची, जोतिरामकाकांची बायको. काका उद्यमबागेत फौंड्रीत जातात, शेत काकी बघते. तिचं माहेर वडगावचं, मागवाल्यांचं. घरात पॉवरलूम खडखडत असताना वाढलेली माणसं बोलतात तशी ती बोलते. समोरचा हातभर अंतरावर असला तरी तो गल्लीच्या टोकाला उभा आहे असं धरून. "चा पितीस काय" असं तिनं मला विचारलं की शेजारच्या घरातून "नको गं" येतं. तिची नक्कल करायला अगदी सोपी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि अगदी किरकोळ काहीतरी बोलायचं, तेही आमच्याकडच्या सगळ्या बायका बोलतात तसं, 'मी जातो', 'मी येतो'.

पण काळजीत पडली की तिचा आवाज जातो. वडगावात लाईट गेली की माग थांबतात आणि अख्खी गल्ली एकदम गप्प होते, तसा. त्या रविवारच्या संध्याकाळपासून तिची नक्कल करायला माझ्याकडं काही उरलंच नाही.

काकीनं गावातल्या बायकांचा भेंडीचा गट केलाय. पूर्वी सगळ्यांची भेंडी बेळगावच्या मार्केटात जायची, आणि माल जास्त आला की तिथंच कोमेजून जनावरांपुढं पडायची. मग शिवारातून डांबरी रस्ता झाला, थेट हायवेला मिळणारा. रस्त्याच्या कडेला सरकारी योजनेतली मोठी पत्र्याची शेड झाली आणि शेडमध्ये गार खोली. फीत कापली, पेढे वाटले आणि कुलूप लागलं. त्यानंतर तिच्या भिंतीचा उपयोग पोरांना स्टंप काढायला होत होता. काकीनं ते कुलूप उघडायला लावलं. कुणाकुणाच्या दारात ती त्यासाठी किती वेळा जाऊन बसली हे तिलाच विचारा. पण थोडं लांब बसून विचारा.

मग तिनं नागराजला गाठलं. नागराज म्हणजे आखातात भाजी पाठवणाऱ्या एका कंपनीचा माणूस, गोकाककडचा. त्याचं मराठी कन्नडच्या रुळावरून धावतं आणि तो विमानाबद्दल घरातल्या सासऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतो. "माल बोटाएवढा पाहिजे बघा री. बोटापेक्षा लांब झाला की विमानाला राग येतंय." शेड बघून तो खूश झाला. "रस्ता बंद्र एल्ला बर्तैति री," म्हणाला. म्हणजे रस्ता आला की सगळं येतं. रुक्माबाई तिथं होती. ती म्हणाली, "बस कुठं आली मग?"

ठरलं ते असं. पहिली खेप परीक्षेची. बुधवारी सकाळी शेडमधून माल निघायचा, गोव्याच्या विमानतळावर पोचायचा आणि तिथून मस्कतला जायचा. नीट गेला तर हंगामभर कंपनी आमच्या गटाचीच भेंडी उचलणार. नाही गेला तर हे काम निपाणीकडं जाणार. तिकडं तंबाखू कमी करून भेंडी लावलेली मंडळी तयार बसली होती. नागराजनं हे लपवलं नव्हतं. "माझं भांडण नाही री, माझ्यावर पण साहेब आहे."

बुधवारच्या विमानासाठी मंगळवारी तोडायचं. काकीनं कॅलेंडर बघितलं, पाचवा वार आदल्याच मंगळवारी संपत होता. तिनं शब्द दिला.

आता तिची चूक सांगते. तिसऱ्या मंगळवारी पुजाऱ्याच्या घरी सुतक होतं. सुतकातला वार गाव धरत नाही. तो बाद होतो आणि शेवटी एक वाढतो. हे गावात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही, म्हणून काकीला कुणी सांगितलं नाही. आणि काकी वडगावची. तिथं अमावास्येला माग बंद ठेवतात, पण अमावास्या कधी बाद होत नाही.

रविवारी संध्याकाळी देवळासमोर मारुतीआप्पा उठले. ते पंचांत सगळ्यांत मोठे. आधी खाकरले, मग थांबले, मग पुन्हा खाकरले. "आता बघा. माझं काय न्हाय. गावाचं हाय. एक वार सुतकात गेलाय, तवा परवाचा मंगळवार बी पाळायचा."

काकी माझ्या शेजारी होती. तिनं माझा दंड धरला आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. काकीचं बोलणं मला ऐकू आलं नाही, असं ते पहिल्यांदाच घडलं.

घरी येऊन तिनं नागराजला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"सोमवारी तोडली तर चालंल काय?"

"चालतंय री. पण मंगळवार सगळा गार पाहिजे. मी बुधवारी येऊन मोडून बघणार. कट्ट म्हणाली तर माल. गप्प बसली तर माल नाही."

"मंगळवारी तुमी हिकडं हाय काय?"

"मंगळवारी निपाणीला जातो री."

कशाला, ते काकीनं विचारलं नाही.

सोमवारी गटातल्या सगळ्या बायका सूर्य उगवायच्या आत शिवारात होत्या. एका दिवसाची कोवळी भेंडी, बोटाएवढी. मारुतीआप्पांची सून पूर्णिमापण होती. जेवायला घरी गेल्यावर सासऱ्यानं अडवून धरू नये म्हणून ती डबा घेऊनच आली होती. खोकी भरली, गार खोलीत रचली. दाराजवळची जागा कमी गार असते. तिथं काकीनं आपली स्वतःची खोकी लावली. मग दार लावून घेतलं आणि बजावलं की बुधवारपर्यंत ते कुणी उघडायचं नाही.

एवढं झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की खरी गोची वेगळीच आहे. शेड शिवारात. मंगळवारी तिथं गावातलं कुणी जाऊ शकत नाही. आणि लाईट गेली तर गार खोलीचं डिझेल इंजिन हातानं सुरू करावं लागतं.

"मष्णू हाय की," पूर्णिमा म्हणाली.

मष्णूचा टेम्पो माल गोव्याला नेणार होता. तो अनगोळचा. आमच्या गावचा वार त्याला लागत नाही. काकीनं त्याला सोमवारी सगळं समजावलं. मष्णू शेवटचा शब्द गम ताणल्यासारखा ताणतो. "फोन मारा आक्का, येतोओओ." काकीनं त्याच्याकडून शेडच्या पत्र्यावर काठीला एक बल्ब बांधून घेतला. आमच्या घराच्या स्लॅबवरून शेड दिसते. बल्ब पेटलेला असेल तोपर्यंत आत गार आहे.

मंगळवारी सकाळपासून आम्ही दोघी स्लॅबवर. चैत्राचं ऊन, डोक्यावर ओला टॉवेल. दिवसाच्या उजेडात बल्ब दिसेना, म्हणून मी मोबाईलचा कॅमेरा ताणून बघायची आणि सांगायची. "हाय?" "हाय." वाराच्या दिवशी गाव फार ऐकू येतं. ट्रॅक्टर नाही, मोटारी नाहीत. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, गोठ्यातली साखळी, चौथ्या घरात कुणाला तरी लागलेली उचकी. काकीनं जेवायला खाली यायचं नाकारलं. ताट वर आणलं, ते तसंच राहिलं. मी तिला हसवायला नागराजचा विमानाचा राग करून दाखवला. ती म्हणाली, "बल्ब बघ."

बल्ब विझला तो दुपारी. रस्ता झाला होता तरी लाईटीचे दोन खांब त्याच्या कडेवर तसेच उभे होते, आणि ते सरकवायला माणसं नेमकी त्या दिवशी हायवेच्या बाजूला आली होती. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की कॅमेऱ्यात काठी आहे आणि बल्ब नाही.

"हाय?"

मी मोबाईल तिच्यापुढं धरला.

काकीनं मष्णूला फोन लावला. तिकडून फोन बंद असल्याचं सांगणारी ती रेकॉर्डवरची कन्नड बाई आली, गोड गळ्याची, कसलीच घाई नसलेली. "नीवु करे माडिद चंदादाररु..." पुन्हा लावला. पुन्हा तीच. या बाईची नक्कल मला इतकी चांगली येते की मी वर्गात सगळ्यांना फसवलंय. त्या दिवशी मला तिचा राग आला.

काकी स्लॅबवरून उतरली ती थेट देवळात. मारुतीआप्पा पारावर आडवे होते. उठून बसले. खाकरले.

"आप्पा, शेडची लाईट गेलीया."

"जाऊ दे की. लाईट जातीया आणि येतीया."

"मष्णूला इंजान चालू कराया बोलवायलोय. तो गावचा न्हाय. पण त्याचा फोन लागंना. मी तिथं जाऊन थांबतो."

"शेडीत जायचं म्हंजे शिवारात जायचं, सुवर्णा."

"शेडीत न्हाय. रस्त्यावर थांबतो. मष्णू आला न्हाय तर येणाऱ्या जाणाऱ्या गाडीवाल्याचं पाय धरतो."

आप्पांनी पारावरून पाय खाली सोडले. "रस्ता सरकारनं घेतलाय," ते म्हणाले. "तवा रस्ता शिवारात धरायचा न्हाय. पण डांबर सोडून पाय खाली न्हाय." मग काठी घेऊन उठले. "आणि मी येतो संगट. माझं काय न्हाय. गावाचं हाय."

शेडसमोर रस्त्याला एक मोरी आहे. तिच्या कठड्यावर आम्ही तिघं बसलो. शेड इतकी जवळ की दाराची कडी दिसत होती. रस्त्यावर एक गाडी नाही. काकी शेडकडं बघत होती आणि आप्पा काकीच्या पायांकडं.

"सुवर्णा, पाय."

"डांबरावर हाय आप्पा."

थोड्या वेळानं आप्पांनी विचारलं, "आत किती येळ गार ऱ्हातंय?"

"दार उघडलं न्हाय तर ऱ्हातंय थोडा येळ. मग न्हाय."

"पूर्णिमाची बी हाईत न्हवं खोकी?"

"हाईत."

आप्पा खाकरले. "माझं काय न्हाय," म्हणाले, आणि पुढचं म्हणालेच नाहीत. मी वाट बघितली. नाहीच म्हणाले.

काकीचा एक पाय हलत होता. टाच वर, खाली, वर, खाली, माग चालवल्यासारखी. ती कठड्याच्या अगदी टोकाला सरकली होती. मला वाटलं, आता ही जाणार. मी तिच्या कानात म्हणाले, "काकी, तू उतरणार बघ. लाव पैज."

ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, अगदी हळू, "लाव. हारलीस तर आप्पांची नक्कल आप्पांच्या म्होरं करायची."

"आणि मी जिंकलो तर?"

"मग गावच मला खातंय. तुला आणि काय पायजे."

पैज लावल्यावर लगेच ती परत घ्यावीशी वाटली, पण काकी परत शेडकडं बघायला लागली होती.

मष्णूचा टेम्पो दिसला तेव्हा सावल्या लांबायला लागल्या होत्या. वडगावात कुणाच्या तरी बारशाला तो गेला होता आणि फोन बंद पडून टेम्पोतच राहिला होता; तो परत चालू केल्यावर त्याला काकीचे कॉल दिसले. तो हे खिडकीतून ताणून ताणून सांगायला लागला, तर आप्पा म्हणाले, "ते बारसं नंतर. पळ." मष्णू पळाला. इंजिनाचं हँडल फिरवलं. इंजिन खोकलं आणि मेलं. परत फिरवलं. परत खोकलं. तिसऱ्यांदा ते खोकलंपण नाही.

काकी उठून डांबराच्या कडेला गेली. पायाची बोटं कडेबाहेर.

"पाय, सुवर्णा."

तिनं मष्णूला काहीतरी सांगितलं. आवाज निघाला नाही. मष्णू कानाला हात लावून "काय आक्काआ?" करत होता. काकीनं श्वास घेतला. मला तो श्वास ओळखीचा आहे, मी तो खूप वेळा उसना घेतलाय.

"मष्णू, डिझेलचा कॉक उघड की रं."

चिंचेवरचे कावळे उठले. मोरीखाली झोपलेलं कुत्रं पळालं. आणि एवढ्या जोरानं अंग पुढं टाकताना काकीच्या उजव्या पायातली चप्पल सुटली, उतारावरून घरंगळली आणि खाली बांधाला जाऊन पडली. शिवारात.

मष्णूनं कॉक उघडला, हँडल मारलं. इंजिन धडधडलं. पत्र्यावरचा बल्ब लागला.

काकी एका पायावर उभी होती. डांबर तापलेलं होतं. तिनं अनवाणी पाय टेकवला, उचलला, परत टेकवला. पण रस्ता सोडला नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं, "चप्पल उतरली. म्हणजे काकी उतरली."

आप्पांनी चपलीकडं बघितलं. मग काकीच्या पायाकडं. खाकरले. "चपलीला वार न्हाय," म्हणाले.

मष्णूला ती चप्पल वर टाक म्हणायचं कुणाला सुचलं नाही. तो इंजिनापासून हलला असता तर काकीनं त्यालाच फाडलं असतं. लाईट येईपर्यंत तो तिथंच होता आणि आम्हीही. घरी येताना काकीनं माझी एक चप्पल घातली आणि मी एका पायानं लंगडत आले. तिची बुधवारी सकाळी वैरणीला निघालेल्या कुणाला तरी सापडली आणि थेट गिरणीत पोचली.

बुधवारी नागराज आला. बायका शेडसमोर उभ्या होत्या, आप्पा कठड्यावर. दार उघडलं. नागराज आत गेला, खोक्यात हात घातला, तोंडावर काही दाखवलं नाही. दाराजवळच्या खोक्यातली एक भेंडी घेतली आणि कानाजवळ नेऊन शेंडा मोडला.

आवाज आला नाही.

दुसरी घेतली. तीपण गप्प. काकीनं डोळे मिटले होते. नागराजनं ते खोकं बाजूला सारलं. मग शेजारचं. काकीची सगळी खोकी दाराबाहेर आली. मग तो आत गेला, मागच्या रांगेतलं एक काढलं. ते पूर्णिमाचं होतं.

कट्ट.

परत एक. कट्ट. मी नंतर जिभेनं तो आवाज काढून बघितला, जमत नाही. नागराजनं प्रत्येक रांगेतली भेंडी मोडली आणि शेवटी म्हणाला, "ही जातात री. विमानाला चालतंय."

मष्णूनं खोकी चढवली. टेम्पो हायवेकडं वळला तरी काकी बघत होती. चोर्ला घाटातले खड्डे, विमानतळावरची रांग, मस्कतला खोकं उघडणारा माणूस. तिची काळजी टेम्पोच्या पुढं निघून गेली होती. नागराज म्हणाला, "हे पोचू दे. पुढच्या आठवड्याचं पण आताच ठरवू या की. शुक्रवार चालंल?"

काकीनं लगेच हो म्हटलं नाही. ती आप्पांकडं वळली. "आप्पा, यात्रेपातूर आणि कुठला वार वाढतोय काय?"

"न्हाय."

"सुतक?"

"कुणी मेलं न्हाय अजून."

"मग शुक्रवार," काकी नागराजला म्हणाली. आणि मग तिला माझी पैज आठवली.

मी म्हणाले की नंतर, घरी. ती म्हणाली, इथंच. बायका गोळा झाल्या. मी आप्पांच्या समोर उभी राहिले. खाकरले, थांबले, परत खाकरले. "आता बघा. माझं काय न्हाय. गावाचं हाय." पूर्णिमानं पदर तोंडात कोंबला. आप्पा हलले नाहीत.

"परत," ते म्हणाले.

मी परत केलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"खाकरणं बराबर हाय," ते म्हणाले. "पर 'गावाचं हाय' म्हणताना तू हासतीस. मी हासत न्हाय."

"बघ," काकी म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात, शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं. "पैज तर हारलीसच, वर नापास बी झालीस."